हिरवा बर्फ

शिनोलीच्या संस्कृतीची बँकेत नोकरी होती. रोजची धावपळ नको म्हणून ती रविवारी कोथिंबीर, मिरची, लसूण आणि खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायची. फोडणीत दोन वड्या टाकून वर शिजलेली डाळ ओतली की आमटी तयार.

हे तिच्या सासऱ्यांना, रखमाजींना, कुणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी आळे गावाहून संस्कृतीचे वडील अचानक आले. घरात रखमाजी एकटेच. व्याह्यांना नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून त्यांनी लिंबाचं सरबत केलं आणि फ्रीजमधला हिरवा बर्फ त्यात सोडला. पुदिन्याचा असेल, असं त्यांना वाटलं.

व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि जरा वेळ छताकडं पाहिलं. मग डोळे पुसत पुसत अख्खा ग्लास संपवला.

"कसं झालंय, पावणं?"

"लई झ्याक," व्याही म्हणाले आणि लगेच निघाले.

संध्याकाळी रिकामा ट्रे पाहून संस्कृतीनं विचारलं, तेव्हा रखमाजींनी कौतुकानं सगळं सांगितलं. तिनं वडिलांना फोन लावला.

"आबा, तुमी बोलला का न्हाई?"

"लेकीच्या सासरी नावं कशी ठिवायची? मला वाटलं, तुमच्याकडं असंच पित्यात."

"अवो, ते आमटीचं वाटण व्हतं!"



"मग आमटीत चांगलं लागंल," आबा म्हणाले. "तुझ्या आईला शिकव. तिलाबी रानातनं येऊन वाटत बसावं लागतं."