पट्टीवरचा तीन

ती लाल रेघ पुन्हा तिनावरच येऊन थांबली. कोटाच्या खिशात हात गेला की अंगठा आपोआप तिच्याकडे वळायचा – वीतभर लांबीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर शून्य ते दहा आकडे, आणि आकड्यांवरून मागेपुढे सरकणारी लाल रेघ. रुग्णाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, दुखतंय तिथवर सरकवा. सर्जन तोरुननं ती रेघ शून्याला नेली, दहाला नेली, सोडून दिली. पट्टी जुनी झाली आहे, रेघ तिनाशी जराशी अडते, एवढंच – त्यात दुसरं काही नाही, असं तिनं गेल्या महिनाभरात स्वतःला कितीदा तरी सांगितलं होतं. नवी मागवायला एक मिनिट लागलं असतं. तिनं ती मागवली नव्हती.

समोर पडद्यावर फॉर्म उघडा होता. जठरातला व्रण फुटून पोटात छिद्र पडलं, शस्त्रक्रिया झाली, की तिसाव्या दिवशी हा फॉर्म पुरा करायचा आणि मग तो कायमचा बंद करायचा. या इस्पितळाची त्यात एक जुनी पद्धत होती – ज्याच्या हातात सुरी होती त्यानंच त्या दिवशी रुग्णाला फोन करायचा. नर्सनं नाही, सेक्रेटरीनं नाही. हयात की मृत, एवढं विचारायचं. तिसाव्या दिवशी हयात म्हणजे जगला. एकतिसाव्या दिवशी गेला तरी कागदाच्या लेखी तो जगलेलाच. यावर तोरुन पूर्वी कडवट हसत असे, वसंतातल्या सभेत तर तिनं त्यावर एक विनोदही केला होता, आणि त्याच सभेत भिंतीवर एक उतरती रेघ दाखवून सांगितलं होतं की छिद्र पडल्यापासून सुरीपर्यंत जाणारा प्रत्येक तास माणसाला थोडं थोडं खाली नेतो. थोडं थोडं... आता त्या उतरत्या रेघेतले पाच तास वीस मिनिटं तिचे स्वतःचे होते.

आन्सगार. वय शहात्तर, राहणार समोरच्या बेटावर, आयुष्यभर मासेमारी, गुडघेदुखीवर दोन वर्षं गोळ्या – त्याही स्वतःच्या नाहीत, बायकोच्या डब्यातल्या. आज त्याचा तिसावा दिवस.

“तुझं चीज वाळून चाललंय,” वेंके दारातून म्हणाली. वेंके म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत जुनी नर्स, या सगळ्या फॉर्मांची राखणदार. “अकरापासून तो पाव तसाच पडलाय. भांडण झालंय का त्याच्याशी?”

“खाते.”

“आन्सगारला फोन केलास?”

“करते.”

“चारला नोंद बंद होते. मग मला त्या वरच्या लोकांना पत्र लिहावं लागतं, आणि मला पत्रं लिहायला लावू नकोस गं बाई. आणि एक चौकट रिकामी आहे. पहिली शंका कधी आली ती. चौदा-दहा टाकू? स्कॅन तेव्हाचाच आहे.”

“थांब. मी टाकते.”

वेंकेनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “बरी आहेस ना तू?”

“बरी आहे.”

चौदा-दहा. किती सोपं होतं. दुपारी चौदा-दहाला स्कॅन झाला, काळ्या चित्रात श्वासपटलाखाली हवेची ती कोर दिसली, आणि पन्नास मिनिटांत सुरी लागली – कुणीही पाठ थोपटावी अशी पन्नास मिनिटं. खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं ते. कागदावर शंका तेव्हाच उमटली होती. हाताला मात्र... हाताला सकाळी आठ-पन्नासलाच कळलं होतं.

तो शनिवार होता. एकच थिएटर, एकच तुकडी. दोन माणसं बरोबरच आली होती – ओस्लोहून सायकलच्या सहलीला आलेला एक माणूस, त्याचं अपेंडिक्स, आणि तो पट्टी हातात घ्यायच्या आधीच ओरडत होता, दहा, दहा, अहो दहाच्या पुढं काय असतं ते लिहा. आणि पडद्यापलीकडे आन्सगार, टोपी काढून नीट बायकोच्या हातात दिलेली, पाय ताठ न ठेवता जरा मुडपून घेतलेले. त्यानं आधी नाव विचारलं होतं, मग – “कुणाची तू?”

“पलीकडच्या बेटावरच्या पेडरची.”

“पेडरची पोर.” त्याला ते आवडलं होतं. “म्हणजे सुरी धरता येत असणार.”

तिनं पोटावर हात ठेवला. फळी. आत काही फुटलं की पोट असं ताठ होतं, दुसरा शब्द नाही त्याला. तळहाताखाली फळी लागली आणि मनगटापासून कोपरापर्यंत काहीतरी थंड सरकलं – मग तिनं त्याच्या हातात पट्टी दिली.

“दहा म्हणजे काय?” त्यानं विचारलं.

“कल्पना करता येईल ती सगळ्यांत वाईट वेदना.”

तो थोडा विचारात पडला. “माझी कल्पनाशक्ती चांगली आहे,” तो म्हणाला, आणि रेघ तिनावर ठेवली.

आणि ती हसली. हे कुठल्याच चौकटीत बसत नाही – की मी हसले, मोकळी होऊन हसले, कारण बाहेर तो ओस्लोवाला ओरडत होता आणि मला एका माणसाला मागे ठेवायची परवानगी हवी होती, आणि या म्हाताऱ्यानं ती मला विनोदात बांधून दिली. तिनं लिहिलं, शांत आहे, थोडं दुखतंय, नंतर पुन्हा बघू. मग ती हात धुवायला गेली. अपेंडिक्स निघालं, मग एक अपघात आला, मग कुणीतरी म्हणालं, तो बेटावरचा म्हातारा घामाघूम झालाय. त्याच्या पोटात पाच तास पित्त आणि अन्न सांडत राहिलं होतं. तिनं धुतलं, चरबीच्या पदराचं ठिगळ लावलं, छान बसलं ठिगळ. सहाव्या दिवशी ते गळलं. दुसरी शस्त्रक्रिया, अतिदक्षता, नळ्या. सव्विसाव्या दिवशी घरी. ओस्लोवाला दुसऱ्याच दिवशी घरी गेला होता. त्याचं आभाराचं कार्ड आलं होतं, वर बदकं होती.

थोडं दुखतंय. ते शब्द तिनं जन्मल्यापासून ऐकले होते! तिच्या बापाच्या तळहातातून मोठा गळ आरपार गेला होता तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, थोडं दुखतंय, पक्कड कुठाय. आई मोरीपाशी बटाटे सोलत होती, तिनं वळूनही पाहिलं नव्हतं – नाही, पाहिलं होतं, मग पुन्हा बटाट्यांकडे वळली होती, भराभर सोलत. सात वर्षांची तोरुन टेबलाखाली होती आणि तिला बापाचे पाय दिसत होते. मोजे ओले होते आणि पायाची बोटं आत वळलेली, इतकी वळलेली की... दुसरा कुणी सर्जन असता, दक्षिणेकडून आलेला, परदेशातून आलेला, तर त्याला माफी होती. त्यानं तीन म्हणजे तीन धरलं असतं. मला तर हे सगळं घरात शिकवलं होतं.

तीन वाजत आले. खाडीत बोट आली आणि गेली. तोरुननं पावाचा एक घास खाल्ला, तो तोंडात तसाच फिरत राहिला. समजा आठ-पन्नास लिहिलं. कुणी तरी विचारेल, मग पाच तास काय केलं, आणि तिला उत्तर द्यावं लागेल, खाली सभागृहात, त्याच लोकांपुढे जे वसंतात तिच्या विनोदावर हसले होते. समजा चौदा-दहा लिहिलं. कुणीच विचारणार नाही. आणि माणूस हयात आहे, शेवट चांगला झालाय – मग कशासाठी... तिला जाणवलं की सकाळपासून आपण फोन करत नाही आहोत ते या चौकटीमुळे नाही. तो हयात आहे हे फोन केल्याशिवायच खरं राहावं, असं तिला वाटत होतं. तिनं नंबर फिरवला.

“हो,” बोर्गहिल्डचा आवाज आला, त्याची बायको. मागे रेडिओवर हवामान चाललं होतं.

“मी तोरुन, इस्पितळातून. कसे आहेत ते?”

“बरा आहे की. खिडकीशी बसलाय.”

“जेवतात का?”

“जेवतो. जेवायचा तसा.”

“म्हणजे किती?”

“अगं, काल दोन चमचे खीर खाल्ली. आधीपासूनच खायला हावरा नव्हता तो.”

“ताप?”

“मोजला नाही बाई. अंग कोमट लागतंय, पण उन्हात बसलाय ना. देऊ त्याला?”

बाहेर ऊन नव्हतं. चार मैलांवर ते बेट, तिथंही नसणार. तोरुनच्या मनगटापासून कोपरापर्यंत तेच सरकलं, थंड, ओळखीचं. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला, खुर्ची करकरली, आणि मग श्वास – छोटे, वरच्यावर घेतलेले, जसे पोट हलू नये म्हणून घेतात.

“पेडरची का?” आन्सगार म्हणाला.

“हो.”

“आज तीस झाले ना. मी हिला म्हटलं, फोन येईल.”

“दुखतंय का?”

“थोडं.”

“किती?”

तो हसल्यासारखा झाला. हसणं मधेच तुटलं. “तुझी ती पट्टी नाही इथं.”

“नसू दे. सांगा.”

“तीन.”

तिचा अंगठा खिशात तिनावरच होता. आता इथं फोन ठेवता येत होता. हयात, तक्रार किरकोळ. वेंके खूश, पाव संपवायचा. ती म्हणाली, “त्या दिवशी मला तुमचं पोट कळलं होतं. सकाळीच. हाताला कळलं होतं, आणि मी गेले.”

रेडिओवरचा माणूस वाऱ्याचा वेग सांगत राहिला.

“तू घाईत होतीस,” आन्सगार म्हणाला. “मीही तुला धरून ठेवलं नाही.”

“तीन नाही ते. त्या दिवशीही नव्हतं. खरं सांगा मला.”

खुर्ची पुन्हा करकरली. मग आवाज खाली आणून, जवळजवळ चूक पोटात घालावी तशा मायेनं, म्हणाला, “बोर्गहिल्ड इथंच आहे गं.”

तोरुनला पडद्यामागची ती टोपी दिसली – दोन्ही हातांत धरलेली, कडेनं चुरगाळत जाणारी टोपी. पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली बाई तिनं त्या दिवशी पाहिली होती आणि पाहिलीच नव्हती. तो तीन तोरुनला सांगितलेलाच नव्हता कधी. तो तिकडे गेला होता, टोपीकडे, बायको घाबरू नये म्हणून. मधे ती उभी होती म्हणून तिनं तो उचलला. आणि मोरीपाशी भराभर सोललेले बटाटे...

“बरं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. “मी आकडे म्हणते. खरा आला की नुसतं हं म्हणा. चार?”

“इथं हवा उत्तरेची आहे,” आन्सगार म्हणाला, नेहमीच्या आवाजात.

“पाच?”

“बोटी नाहीत फारशा.”

“सहा.”

मागून बोर्गहिल्डनं विचारलं, काय म्हणतेय ती, आणि तो म्हणाला, काही नाही, हवा विचारतेय. खिशातली रेघ अंगठ्याखाली एकेक घर वर चालली होती, कुठंही न अडता. पडद्यावर रिकाम्या चौकटीतली उभी रेघ उघडझाप करत होती, चारला अजून तासभर होता, आणि तिनं सात म्हटलं, आणि आठ म्हणायला तोंड उघडलं, आणि तिकडून ना हं आलं, ना हवेची गोष्ट, फक्त ते छोटे छोटे श्वास. तोरुन घाबरली. तीस दिवसांपूर्वी आठ-पन्नासला जे घाबरायचं राहून गेलं होतं, ते आत्ता ती घाबरली, पुरतं, हातापायांसकट, आणि फोन कानाशी घट्ट धरून तिनं म्हटलं, “आठ?”