लवूदादा दार का उघडत नाहीत?

जगदीश तावडेने समोरच्या दाराची बेल पुन्हा एकदा दाबली आणि कान देऊन उभा राहिला. आत बेल वाजल्याचं त्याला स्वच्छ ऐकू आलं. दाराबाहेर लवूदादांच्या चपला होत्या. फटीतून टीव्हीचा उजेड हलताना दिसत होता, पण आवाज मात्र नव्हता. बेल ऐकून आवाज बंद केला असणार! एका हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका, दुसऱ्या हातात अक्षतांची वाटी, अशा अवस्थेत माणसाने बंद दारापुढे किती वेळ उभं राहायचं? जगदीश घरी परतला तेव्हा त्याचा पारा चढला होता.

"घरात आहे, जागा आहे आणि दार उघडत नाही," वाटी टेबलावर ठेवत तो बायकोला म्हणाला. "टॉवरमध्ये आल्यापासून शिंगं फुटलीत त्याला. आपल्याला नको असला मामा."

सरोजच्या हातातलं काम थांबलं. देवापुढे पत्रिका ठेवल्यावर माणसांतली पहिली पत्रिका लवूदादांना द्यायची, हे ठरलेलं होतं. तिला सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली त्याच वर्षी तिने शेजारच्या खोलीतल्या लवू परबांना राखी बांधली, ती आजतागायत. श्रेयाच्या लग्नात मुलीच्या पाठीशी मामा म्हणून तेच उभे राहणार, हे श्रेया पाळण्यात होती तेव्हापासून घरात सगळ्यांना माहीत होतं.

"फोन करून बघा," ती म्हणाली.

"उचलत नाही. कालही नाही, आजही नाही."

"मग मी जाते."

"तू गेलीस तर माझी काय किंमत राहिली?" जगदीश गरजला. "खालच्या मजल्यावरच्या कदमांचा मुलगा उभा राहील मामा म्हणून. विषय संपला."

मंडळी, ज्या जागेवर ही चाळ होती तिथेच आता हा टॉवर उभा आहे. चाळीत दारं सकाळी उघडायची ती झोपतानाच बंद व्हायची. कोणाच्या घरी जायचं तर उंबऱ्यात उभं राहून हाक मारायची, फार तर कडी खडखडवायची. मग चाळ पाडली, तीन-चार वर्षं सगळे भाड्याच्या घरांत पांगले आणि परतले ते थेट उंचावर. लवूदादांची बायको त्याच वर्षांत वारली, ते एकटेच परतले. लिफ्ट आली, मार्बल आलं, प्रत्येक दाराला बेल आली आणि बाहेरचं बघायला बारीक भिंगही आलं. ते भिंग बहुतेकांनी एकदा कौतुकाने वापरलं आणि विसरून गेले. जगदीश विसरला नाही. नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला माणूस, वेळ जाता जात नाही. कोणाकडे रोज बाहेरचं जेवण येतं, कोणाचा मुलगा सिगारेट ओढायला जिन्यात जातो, कोणाच्या घरी आठवडाभर पाहुणे मुक्काम ठोकून आहेत, हे सगळं त्याला त्या भिंगातून कळे. संध्याकाळी खालच्या बाकावर बसून तो ते सगळ्यांना वाटून टाकी.

त्या संध्याकाळीही त्याने वाटलं. "आमचे परब आता मोठे झाले हो. मुलीची पत्रिका घेऊन गेलो तर दार उघडलं नाही." बाकावरच्या मंडळींनी माना हलवल्या. एकाला आठवलं की परबांनी त्याच्या हाकेला ओ दिली नव्हती. दुसऱ्याला आठवलं की मीटिंगमध्ये काहीही विचारलं की ते नुसतं "होय, होय" म्हणतात, जणू आपण लहान मूल. सगळ्यांचं एकमत झालं. पुढच्याच आठवड्यात सोसायटीचा सत्यनारायण झाला, तेव्हा लवूदादांना बोलवायला कोणी वर गेलं नाही. प्रसादही गेला नाही.

हे सरोजच्या कानावर आलं. ती चिडली नाही. रात्रीची जेवणं झाल्यावर तिने जगदीशला समोर बसवलं.

"तुम्ही दिवसभर त्या भिंगाला डोळा लावून असता, खरं ना?"

"अधूनमधून बघतो," जगदीश म्हणाला.

"मग आता जरा नीट बघा. लग्नाला अवकाश आहे. ज्या माणसाने आपल्या मुलीला खांद्यावर बसवून गणपती दाखवले, तो असा का वागतो याचं कारण शोधा. कारण नाही सापडलं तर कदमांचा मुलगा आहेच. पण तोवर खाली जाऊन एक अक्षर बोलायचं नाही."

जगदीशला हे काम आवडलं, हे कबूल करायला हवं. त्याला वाटलं, आता याला रंगेहाथ पकडतो.

आणि तो बघू लागला. सकाळी दूधवाला यायच्या कितीतरी आधी लवूदादा पातेलं घेऊन दार उघडून उभे असत. दूधवाला आला की लगेच हसून त्याच्याशी बोलत. म्हणजे माणूस तुसडा नव्हता. दुपारी कुरिअरवाला आला, त्याने बेल वाजवली, पुन्हा वाजवली आणि पाकीट वॉचमनकडे द्यायला निघून गेला. दार उघडलं नाही. हेही ठीक, जगदीशने मनात म्हटलं, मला एकट्यालाच नाही, सगळ्यांनाच हा मान मिळतो. पण मग बांगडे घेऊन कोळीण वर आली. तिने टोपली खाली ठेवली, दारावर दोनदा तळहात आपटला आणि दार लगेच उघडलं! लवूदादा तिच्याशी हसतखिदळत भाव करत होते. भिंगामागे जगदीशच्या अंगाचा तिळपापड झाला. मासेवालीला दार उघडतं आणि मुलीचा बाप पत्रिका घेऊन आला तर उघडत नाही!

पण कुतूहल ही चीज अशी आहे की ती रागाला फार वेळ टिकू देत नाही. जगदीशला आता झोप येईना. एक दिवस लिफ्टजवळ लवूदादा पाठमोरे उभे दिसले. त्याने मुद्दाम मागून हाक मारली. "लवूदादा!" माणूस ढिम्म हलला नाही. जगदीश दोन पावलं पुढे आला तेव्हा लिफ्टच्या चकचकीत दारात त्याचं प्रतिबिंब पडलं. ते दिसताच लवूदादा गर्रकन वळले आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जगदीश गडबडला. हा चेहरा शिष्ट माणसाचा नव्हता.

त्या संध्याकाळी पॅसेजमध्ये चावी पडल्याचं नाटक करून जगदीश समोरच्या दारापुढे वाकला. दाराखालच्या फटीतून त्याला स्टुलाचे पाय दिसले आणि त्यांच्यामध्ये दोन टाचा. लवूदादा दाराला अगदी पाठ टेकून बसले होते. घरात सोफा असताना माणूस दाराला पाठ लावून, स्टुलावर बसून मुका टीव्ही बघतो?

"काय सापडलं?" मागून सरोजचा आवाज आला. ती भाजी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होती आणि नवरा चौदाव्या मजल्यावर ओणवा झालेला बघत होती.

घरात आल्यावर जगदीशने सगळं सांगितलं. दूध, कुरिअर, लिफ्ट, स्टूल. कोळिणीवर आला तेव्हा त्याचा जुना राग पुन्हा उसळला. "तिला उघडतो! मी बेल वाजवून वाजवून थकलो आणि ती बाई येते आणि नुसती दारावर..."

तो मध्येच थांबला. सरोजने भाजीची पिशवी खाली ठेवली.

"सरोज," जगदीश हळूच म्हणाला, "ती बेल वाजवत नाही गं. ती दार ठोकते."

"आणि ठोकलेलं पाठीला कळावं म्हणून दादा दाराला पाठ लावून बसतो," सरोज म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, त्याला ऐकूच येत नाही!"

जगदीश चप्पल न घालताच निघाला. सरोजने पत्रिका आणि अक्षतांची वाटी उचलली आणि त्याच्या मागोमाग गेली. जगदीशने बेलकडे बघितलंही नाही. त्याने दारावर तळहात आपटला. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं.

"अरे! या, या," लवूदादा म्हणाले आणि दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागले. "कितक्या दिवसांनी इलात. मी म्हटलंय, माजा काय चुकला?"

त्या प्रश्नाने जगदीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लवूदादांना सोफ्यावर बसवलं, आपण समोर खुर्ची ओढून बसला आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करत विचारलं, "लवूदादा, तुला ऐकू येत नाही ना?"

लवूदादांनी आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मग ते खाली बघू लागले.

"मिलमध्ये साळखात्यात, कापड विणूच्या मागार होतंय मी. मागांचो आवाज तुका ठावक नाय. तेव्हाच कान गेले, थोडे थोडे. पण वयनी होती ना तुझी. कोण इलो, कोण काय बोलता, सगळा ती माका खुणेन सांगायची. ती होती तवसर कोणाक कळला नाय. ती गेली आणि हय दाराक बेल इली." त्यांनी टीव्हीकडे हात केला. "आवाज मोठो केलो तर खालचे भांडाक येतत. म्हणान बंदच ठेवतंय."

"मग सांगायचं नाही का, दादा?" सरोज रडवेली झाली होती. "कानाला मशीन मिळते. आपण डॉक्टरकडे गेलो असतो."

"मशीन?" लवूदादांनी तिच्या ओठांवरून तो शब्द बरोबर टिपला आणि मान हलवली. "नको. बहिरो म्हटल्यार लोक एकतर आरडतत, नायतर हसतत. आणि चेडवाच्या लग्नात कानात मशीन घालून मामा उभो रवलो तर व्याही काय म्हणतीत?"

मग जगदीशने एक गोष्ट केली, जी सरोजखेरीज जगात कोणापुढे केली नव्हती. त्याने तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली आणि तळहातावर धरली. ऑफिसात, चाळीत, बाकावर, कोणालाही त्याने हे कळू दिलं नव्हतं.

"हे बघ," बोळक्या तोंडाने तो म्हणाला. "हे खोटे दात घालून मी मुलीचा बाप म्हणून उभा राहणारच आहे ना?"

त्याला वाटलं होतं, लवूदादा थक्क होतील. पण ते गालातल्या गालात हसले.

"माका ठावक आसा रे. चाळीतसून ठावक आसा."

"कसं काय?"

"मी माणसाच्या तोंडाकडेच बघतंय ना सगळो वेळ. हसताना तू ओठ मिटून घेतंस, चणे पुढ्यात इले काय नको म्हणतंस."

"कोणाला सांगितलं होतंस?" जगदीशने घाबरत विचारलं.

लवूदादांना तो प्रश्नच कळला नाही. ऐकू आला नाही म्हणून नव्हे, त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच कळलं नाही. "कोणाक कित्याक सांगू? दात तुझे."

जगदीशच्या हातात कवळी तशीच राहिली. या माणसाने त्याचं गुपित इतकी वर्षं बघितलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. आणि जगदीशने स्वतः काय केलं होतं? बंद दार बघितलं, त्याचा हवा तसा अर्थ लावला आणि त्याच संध्याकाळी बाकावर वाटला. दोघेही बघतच होते. पण एकाच्या बघण्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं आणि दुसऱ्याच्या बघण्याने एक म्हातारा माणूस भरल्या टॉवरमध्ये एकटा पडला होता. जगदीशने लवूदादांचे पाय धरले. सरोजने अक्षता दिल्या आणि पत्रिका दिली.

दुसऱ्या दिवशी जगदीश खाली बाकावर गेला. "परबांबद्दल मी सांगितलं ते साफ चुकीचं होतं," तो म्हणाला. "चूक माझी. त्यांची माफी मी मागून आलोय."

"मग खरं काय आहे?" सगळे एकदम सरसावून बसले.

"ते त्यांना विचारा. वर जा. बेल वाजवू नका, दार ठोका."

लोक गेले. कोणी चुकलेल्या प्रसादाचा शिरा करून घेऊन गेलं, कोणी नुसतंच गेलं. लवूदादांनी आपलं जे होतं ते आपल्या तोंडाने सांगितलं आणि कोणी हसलं नाही. सरोज त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मशीन बसली तेव्हा सुरुवातीला त्यांना भांड्यांचा आवाजही सोसेना. "ह्या जग इतका आरडता काय?" असं म्हणून ते ती काढून ठेवत. सरोज पुन्हा घालायला लावी.

वाचकहो, शेजाऱ्याकडे बघणं वाईट नाही. दारं बंद झाली म्हणून नजरही बंद करायची म्हटली, तर अडीअडचणीला आपण एकमेकांना कळणार तरी कसे? म्हणून बघा, अगदी डोळे भरून बघा. पण बघितलेल्याचा अर्थ घरबसल्या लावू नका. जे खटकलं ते त्याच दारात जाऊन विचारा, आणि त्या दारात जे कळेल ते तिथेच ठेवून या. डोळे जितके उघडे ठेवाल तितकं तोंड जपून उघडा, म्हणजे शेजार टिकतो.

लग्न थाटात झालं. श्रेयाच्या पाठीशी लवूदादा उभे होते, नवा सदरा घालून, कानात मशीन घालून. मंगलाष्टका संपल्या, पाहुण्यांच्या पंगती उठल्या, निघायची वेळ झाली. सगळ्यांच्या पाया पडून श्रेया मामापाशी आली, त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. इतकी वर्षं कोणी त्यांच्या कानाशी बोललं नव्हतं, ते समोरच्याच्या ओठांवरूनच बोलणं टिपत. लवूदादांनी ते ऐकलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

गाडी गेल्यावर जगदीश त्यांच्याजवळ आला. त्याचा जीव नुसता वरखाली होत होता.

"काय म्हणाली रे ती?"

लवूदादांनी डोळे पुसले. "तुका कित्याक होया?"

जगदीशने तोंड उघडलं. मग मिटलं. आणि लवूदादांच्या खांद्यावर हात टाकून तो त्यांना जेवायला घेऊन गेला.