सहाव्या पायरीवरची चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे आणि मला उंचीची भीती वाटते. हसू नका. मला स्वतःच्या पडण्याची भीती नाही. पडले तर आडवी होईन, आणि आडवं पडून राहण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलंय. भीती वाटते ती माझ्यावर चढणाऱ्याची.

सुतारकाकांनी मला सागाच्या लाकडातून घडवलं. दोन उभे दांडे, बारा पायऱ्या. काम संपल्यावर काका बाराव्या पायरीवर उभे राहिले, तिथेच कपभर चहा प्यायले आणि म्हणाले, "ही माझ्यापेक्षा जास्त जगेल." मग मी वाचनालयात आले. पंखे पुसायला मी, दिवे बदलायला मी, छपराखालची पुस्तकं काढायला मीच. एकदा माळ्यावर अडकलेल्या मांजराला सोडवायला मला नेलं. मांजर माझ्याकडे बघून आपणहून उडी मारून निघून गेलं, पण कौतुक माझंच झालं.

पुढे एके दिवशी वरच्या फळीवरून एक जाडजूड शब्दकोश निसटला आणि थेट माझ्या सहाव्या पायरीवर आदळला. शब्दकोशाला काही झालं नाही. माझी पायरी मात्र आतून चिरली. केसाएवढी बारीक रेघ होती, पण कुणाचा पूर्ण भार पडला असता तर संपलंच होतं. सुतारकाकांना निरोप गेला. "उद्या येतो," म्हणाले.

अकरा वर्षं झाली.

पण वाचनालयाचे शिपाईमामा शहाणे. त्यांनी त्याच दिवशी एक लाल चिंधी घेतली, सहाव्या पायरीला घट्ट बांधली आणि मला म्हणाले, "हे बघ बाई, मी विसरलो तरी तू विसरू नकोस." तेव्हापासून चिंधी दिसली की चढणारा पाय उचलून सातव्या पायरीवर टाकायचा. कारण कुणी विचारत नसे. मळून मळून चिंधीचा रंग असा झाला होता की तिच्यावर पाय ठेवायची कुणाची छातीच व्हायची नाही. अकरा वर्षं त्या घाणीने माणसं वाचवली.

मग मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, आणि वाचनालयात सेवा करायला स्काउट आले.

मुलं गुणी होती, हे आधीच सांगते. दोन शनिवार त्यांनी खोल्या झाडल्या, पुस्तकांना कव्हरं घातली, भिंती रंगवल्या. त्यांच्या टोळीनायकाला सगळे फौजदार म्हणत, कारण तो पंखा लावतानाही हुकूम सोडायचा. दुसरी होती गाठवाली. तिच्या खिशात कायम हातभर दोरी असे आणि बोलताना तिची बोटं गाठी मारत, सोडत. दुसऱ्या शनिवारी भिंती संपल्या, पण डब्यात निळा रंग उरला. उरलेला रंग आणि उरलेला उत्साह, दोन्ही एकाच वेळी माझ्याकडे वळले.

"ही बिचारी बघा," फौजदार म्हणाला. "हिची कुणी सेवाच केलेली नाही."

मला पळून जावंसं वाटलं. शिडीला पळता येत नाही, पण वाटलं.

"आधी ती चिंधी काढ. शी!"

गाठवालीने चिंधी सोडायला घेतली. गाठ सुटेना. तिने नखं लावली, दात लावले. "कसली घट्ट आहे! कुणी मारली असेल रे ही गाठ?"

"चिंधी आहे ती. तिची काय मुलाखत घेतेस? टाक बादलीत."

चिंधी धुतली गेली. फौजदारने ती घरी नेऊन इस्त्रीही केली, कारण स्काउट काम अर्धवट सोडत नाही. माझ्यावर निळ्या ऑइल पेंटचे दोन हात चढले. चीर भरली, बुजली, चकाकली. मी आयुष्यात इतकी सुंदर कधी दिसले नव्हते आणि इतकी धोकादायकही.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतं. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला तोंड लागत नाही. ओरडायला लागतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी ग्रंथपालबाई चढल्या. एक, दोन, तीन, चार... पुस्तक चौथ्या पायरीवरूनच हाताला लागलं. सुटले. शुक्रवारी फौजदार दारावरची जागा मोजायला चारदा चढला. तो एक सोडून एक पायरी चढायचा. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. उतरताना दांड्यांवरून घसरत यायचा. गणितात मला गती नाही, पण विषम संख्यांना मी मनोमन नमस्कार केला.

रविवार उजाडला. दारावर वाचनालयाची नवी पाटी लावायची होती. स्काउटांचे सर मला धरून उभे राहिले. पाटीची दोरी खांद्याला अडकवून कोण चढणार? गाठवाली. कारण वर दोरी बांधायची होती. आणि ती पायरी सोडत नव्हती. एकेक पायरी, नीट, शिकवल्यासारखी चढत होती.

एक. दोन.

तिचा हात सहाव्या पायरीवर आला. चिंधीने अकरा वर्षांत तिथे एक खळगा पाडला होता, रंगाखालीही तो लागत होता. तिची बोटं क्षणभर तिथे घुटमळली. मग सुटली.

तीन. चार. मी जमेल तितकी करकरले.

"सर, ही आवाज करतेय."

"नवा रंग आहे, चिकटत असेल," सर म्हणाले. "चढ तू. मी धरलंय ना!"

त्यांनी दांडे धरले होते, मित्रांनो. पायरी कोण धरणार?

पाच. तिने उजवा पाय उचलला. मला तिच्या बुटाचा तळ दिसला, त्यात एक खडा रुतला होता. इतक्या जवळून मी मरण कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात खडा असेल असं तर वाटलंच नव्हतं.

पाय हवेतच थांबला.

"ती चिंधी कुठेय?" तिने वरूनच विचारलं.

"माझ्याकडे आहे, इस्त्री केलीय," फौजदार म्हणाला. "आत्ता काय घाम पुसायचाय का?"

"अरे, तिला खुंटगाठ होती, खुंटाला दोर पक्का बांधायची. तीपण दुहेरी. अडकलेल्या चिंधीला कुणी दुहेरी खुंटगाठ मारतं का? ती कुणीतरी मुद्दाम बांधली होती."

"उतर. आधी उतर," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

ती उतरली. फौजदारने पाण्याची भरलेली बादली सहाव्या पायरीच्या मधोमध अडकवली. काही झालं नाही. "बघा! उगाच आपलं..." म्हणत त्याने दुसरी अडकवली.

कडकन आवाज झाला. पायरीचे दोन तुकडे झाले. दोन्ही बादल्या खाली आल्या आणि सर गळ्यापर्यंत भिजले. कुणीही हसलं नाही. फौजदारने पायरीचा एक तुकडा उचलला.

"मी परवा चारदा चढलो," तो म्हणाला.

"कसा?" गाठवालीने विचारलं.

"एक सोडून एक."

त्याने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

सुतारकाका नवी पायरी बसवायला आले. "म्हटलं होतं ना, येतो म्हणून," ते म्हणाले. मग निळ्या रंगाकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे लेकरांनो, लाकडी शिडीला रंग देत नसतात. चीर झाकली जाते. तेल द्या नुसतं." पुढचे तीन शनिवार मुलांनी माझा रंग खरवडला. सेवेच्या वहीत फौजदारने लिहिलं: "शिडी रंगवली, चार तास. शिडीची सेवा काढून टाकली, अकरा तास."

मामा रजेवरून परतले तेव्हा त्याने त्यांच्या हातात इस्त्री केलेली चिंधी ठेवली आणि मान खाली घातली. मामा काही रागावले नाहीत. आता सहावी पायरी माझी सगळ्यांत मजबूत पायरी आहे. मामा मात्र अजूनही ती ओलांडूनच चढतात.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू मळलेली, बांधलेली, ठिगळ लावलेली दिसली तर जरूर साफ करा. पण आधी ती तशी का आहे, हे विचारा. गाठ सोडण्यापूर्वी ती मारणाऱ्याला शोधा. तो रजेवर असेल तर तो येईपर्यंत थांबा.

गाठवाली आता चढण्यापूर्वी माझी प्रत्येक पायरी हाताने दाबून बघते. फौजदारही बघतो, दोनदा. मला उंचीची भीती अजून वाटते. पण आता चढणारेही थोडे घाबरतात, आणि तेवढ्यावर मला रात्री झोप लागते.