चिंचेतला खिळा

पलासियाच्या रस्त्यावरची चिंच पाडणार आहेत, हे माईला दूधवाल्याने सांगितलं. रस्ता रुंद व्हायचा होता. मध्यभारत सरकार आल्यापासून इंदुरात काही ना काही रुंद होतच होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. माईने मात्र दुधाचं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं आणि देवघराच्या उंबऱ्यात जाऊन बसली. संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हाही ती तिथेच होती. दूध नासलं होतं.

"तिच्यात माझा खिळा आहे," ती म्हणाली.

मला ते ठाऊक होतं.

माई माझी सावत्र आई. माझी आई इंदिरा दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत आप्पांनी माईशी लग्न केलं. सवतीची बाधा होऊ नये म्हणून माईच्या गळ्यात आईच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. तो उपयोगी पडला नाही. एका संध्याकाळी ती पोळ्या लाटता लाटता पडली आणि उठली ती माझ्या आईच्या आवाजात बोलत. निदान घरातले सगळे तसं म्हणाले. माईने माझ्या आईला कधी पाहिलेलं किंवा ऐकलेलं नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. मी सात वर्षांची होते, माझ्याही आलं नाही.

एरवी माई मला पद्मा म्हणे, तेही क्वचित. ती स्वतः जेमतेम विशीतली. माझ्याशी काय बोलावं हे तिला सुचत नसावं. पण अंगात आलं की ती मला पमू म्हणून हाक मारी, मांडीशी ओढून घेई, केसांना तेल लावून देई. पमू अशी हाक मला फक्त माझी आई मारायची. मी दिवेलागणीची वाट पाहू लागले.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित कोणी काही केलं नसतं. पण मग तिची दातखीळ बसे. एकदा तिचा हात चुलीत गेला. जेवण सुटलं, अंगावर मांस राहिलं नाही. तेव्हा आप्पांनी देपालपूरकडून एक पडियार आणला. त्याच्या अंगात भैरव येई आणि तो लागलेलं उतरवून झाडात खिळ्याने बंद करी. खिळा घरातलाच हवा, असं तो म्हणाला. आप्पांनी भिंतीवरची आईची तसबीर उतरवली आणि तिचाच पितळी टोपीचा खिळा उपटला. माईच्या केसांची बट त्याला गुंडाळून तो चिंचेच्या खोडात ठोकला. तेव्हा पलासियाला वस्ती नव्हती. माई बरी झाली. तसबीर ट्रंकेत गेली आणि मला पमू म्हणणारं कोणी राहिलं नाही.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, शिकवू लागले, आणि माईच्या त्या दिवसांना मनाचा आजार म्हणू लागले. मनातल्या मनात. माई अजूनही टांगा त्या रस्त्याने निघाला की पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेई.

आता तिने जेवण सोडलं. डॉक्टर येऊन गेले. मला अंगणात बोलावून म्हणाले, "हार्ट वीक आहे. असाच उपास चालला किंवा एखादा झटका आला, तर मी काही करू शकणार नाही."

मी आत आले. माई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"पमू," ती म्हणाली. "वेणी सुटलीय तुझी. ये इकडे."

मी गेले. तिच्या हाताखाली डोकं दिलं. तिची बोटं गार होती, पण नीट पेड काढत होती. मी हलले नाही. मग बोटं ताठ झाली आणि तिचे दात एकमेकांवर करकरले.

सकाळी मी टांगा करून पलासियाला गेले. चिंच आडवी पडली होती आणि काम थांबलं होतं. सियागंजातल्या लाकूडवाल्याचे मुकादम, बाबूराव, खोडावरच बसून विडी ओढत होते.

"लांबच राहा बाईजी. दोन करवती गेल्या. माणसं बोलून राहिली आहेत, आत भुतं आहेत. मी म्हटलं, अरे भिया, भुतांनी करवतीचे दाते तोडले असते का? सगळं लोखंड भरलंय."

"मला त्यातला एक खिळा हवा आहे."

"टोपलीभर न्या की. पण आपला ओळखून न्या. दुसऱ्याचं भूत घरी गेलं, तर माझ्याकडे यायचं नाही."

कापलेल्या तोंडावर निळे-काळे डाग पसरले होते. मजूर त्याला रक्त म्हणत होते. चिंचेतलं टॅनिन आणि लोखंड मिळून तसा रंग होतो. मी कोणाला ते सांगितलं नाही. झाड उंच वाढतं ते शेंड्याला. खोडातला खिळा आहे त्याच उंचीवर राहतो, भोवतीचं लाकूड तेवढं जाड होऊन त्याला गिळतं. मी बुंध्यापासून आप्पांच्या खांद्याची उंची धरली, रस्त्याकडची बाजू धरली आणि एक फुगीर गाठ दाखवली.

"इथे?"

"इथेच."

बाबूरावांनी स्वतः छिन्नी घेतली. आधी दोन साधे खिळे निघाले. मग हिरवट पडलेली पितळी टोपी दिसली. खिळ्याला केस तसेच होते. माईचे केस आता पांढरे झाले आहेत. हे काळे होते.

"कोणाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"माझी आई."

"आईसाहेबांना लागलं होतं?"

"नाही. लागली होती ती."

बाबूरावांनी विडी खोडावर विझवली आणि खिळा फडक्यात गुंडाळून दिला.

माईने त्याला हात लावला नाही. "मागच्या गल्लीतल्या कडुनिंबात ठोक," ती म्हणाली. "घरात नको."

"पडियार तर केव्हाच वारला, माई. मला मंत्र येत नाहीत."

"मंत्र कशाला? माझं तिने कधी ऐकलं नाही. तुझं ऐकेल."

मी म्हटलं, तू पडून राहा, मी ठोकून येते. ती ऐकेना. भिंत धरत धरत माझ्यामागे गल्लीत आली आणि समोरच्या पायरीवर बसली. मी खिळा सालीवर टेकवला आणि हातोडी उचलली. लोखंडाचा तुकडा, थोडे केस आणि एक झाड. याहून जास्त काही तिथे नव्हतं. हात खाली येईना.

"पमू," मागून आवाज आला. "ऊन लागेल तुला."

मी वळून पाहिलं. माईचे ओठ निळे पडले होते. एक हात छातीवर होता, दुसऱ्याने ती हवेतच वेणीचे पेड घालत होती.

मी घाव घातला. खिळा अर्धा गेला.

"हळू," माई म्हणाली. हा तिचा स्वतःचा आवाज होता, घोगरा, थकलेला. "हळू मार गं. लागेल तिला."

मग मी हळू घाव मारले. त्याने वेळ जास्त लागला. पितळी टोपी सालीला टेकली तेव्हा आत कुठे डिंक सुटला असेल, कडुनिंबाला सुटतो. काही वर्षांनी टोपीही दिसणार नाही.

माई उठली. पायरीवर थोडी थांबली, श्वास घेतला.

"पेज टाकतेस का थोडी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "पद्मा, हात धुऊन आत ये."