पुढचा किल्ला

त्या खोऱ्यात किल्ले बघण्याची एक गंमत होती. एका किल्ल्यावर चढायचं, बुरुजावरून नदी बघायची, आणि पलीकडच्या काठावर दुसरा किल्ला दिसला की दादांनी बोट दाखवून म्हणायचं, "तो पुढचा." मग खाली उतरायचं, पूल गाठायचा, धापा टाकत त्या दुसऱ्यावर जायचं, आणि तिथून काय दिसायचं, तर मघाचाच किल्ला. वहिनींना वाटलं, किल्ले शहाणे, आपापल्या जागी बसून एकमेकांची तोंडं बघतात. पायपीट आपल्या नशिबी.

वहिनी म्हणजे खरं तर बेबीच्या वहिनी. लग्न होऊन आल्या तेव्हा ही धाकटी नणंद शाळेत होती आणि दिवसभर घरात 'वहिनी, वहिनी' चालायचं. ते ऐकून शेजारी त्यांना वहिनी म्हणू लागले, दूधवाला म्हणू लागला, आणि पुढे त्या दंतवैद्याकडे रिसेप्शनला बसू लागल्या तेव्हा खुद्द डॉक्टरही. बेबी आता साठीला आली, तरी बेबीच राहिली. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. ही सहल तिच्यासाठी होती. "तिला जरा मोकळं वाटेल," वहिनींचे यजमान, म्हणजे बेबीचे दादा, म्हणाले होते, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "चालेल."

हा शब्द त्यांच्या तोंडात कायमचा मुक्कामाला होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आपल्याकडेच ठेवू त्यांना, चालेल ना? चालेल. लेकीला नोकरीवर परत जायचंय, नातू आपल्याकडे राहील, चालेल ना? चालेल. दादा काही जुलमी नव्हते. ते प्रत्येक वेळी विचारायचे. फक्त विचारता विचारता पुढच्या कामाला लागलेले असायचे.

आता सासूबाई नव्हत्या, नातू आपल्या आईबापांकडे गेला होता, आणि आतली खोली रिकामी झाली होती. औषधांचा वास जाईपर्यंत वहिनींनी ती उघडी टाकली, भिंतींना रंग दिला, खिडकीशी एक खुर्ची ठेवली. दुपारी त्या तिथे जाऊन दार लावून घेत आणि काहीही करत नसत. वाचत नसत, विणत नसत. आयुष्यभर लोकांना 'बसा, डॉक्टर बोलावतील' असं सांगणाऱ्या बाईला स्वतःला बसायला मिळालं होतं, आणि आता कुणी बोलावणार नव्हतं. वहिनी त्या खोलीत सुखी होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की कुणीतरी चौकशीला आत आलं असतं.

आज सकाळी लॉजच्या जेवणघरात पावाला लोणी लावता लावता दादांनी जाहीर केलं, की बेबीने आता एकटीने राहायचं नाही.

"आईची खोली आहेच रिकामी," ते म्हणाले. "संध्याकाळी घरमालकाला फोन करून सांगून टाक, जागा सोडते म्हणून."

बेबीचे डोळे भरून आले. तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चहात साखर घातली, जी त्या कधी घेत नाहीत, आणि ढवळत बसल्या.

तेव्हापासून बेबीच्या तोंडाला खळ नव्हता. "वहिनी, ही तळघराची खिडकी बघा. वहिनी, एवढ्या जड शिरस्त्राणात या सैनिकांना डुलकी लागली तर मान मोडत असेल का हो? वहिनी, आपण दोघी रोज सकाळी फिरायला जात जाऊ." बेबी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. ती हौशी होती, मायाळू होती, आजारपणात वहिनींच्या उशाशी बसलेली होती. भांडकुदळ नणंद असती तर एव्हाना निकाल लागला असता.

वहिनी जागा दिसेल तिथे टेकत होत्या. तोफेच्या गाड्यावर, तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर, आणि एकदा तर दोरी ओलांडून कुण्या सरदाराच्या आसनावर. तिथून रखवालदाराने त्यांना अदबीने उठवलं. गुडघे ठणकत होतेच, पण हा थकवा गुडघ्यांहून जुना होता. संध्याकाळपर्यंत बोलायला हवं, एवढंच डोक्यात होतं. एकदा तो फोन झाला की संपलं. बेबीने जागा सोडल्यावर तिला कोण नाही म्हणणार?

दुपार कलताना शेवटच्या किल्ल्याखाली दादा गाडी लावू लागले. मान मागे, एक हात सीटच्या पाठीवर, डोळे मागच्या काचेकडे.

"तर बेबी, संध्याकाळी फोन. पुढच्या महिन्यात सामान हलवू. चालेल ना गं?"

हा 'गं' वहिनींसाठी होता.

"नाही चालणार," वहिनी म्हणाल्या.

दादांनी हँडब्रेक ओढला आणि समोरच्या चढाकडे पाहिलं.

"चढ आहे खरा. गुडघा का? मग तू बस त्या बाकावर. आम्ही पटकन जाऊन येतो."

हसावं की रडावं, वहिनींना कळेना. इतक्या वर्षांनी एकदाचा तोंडून नकार निघाला, तो गुडघ्याच्या नावावर गेला.

"मीही बसते," बेबी म्हणाली. "तू जा, दादा."

दादा कॅमेरा घेऊन चढ चढू लागले. दोघी बाकावर बसल्या. बाक मुद्दाम देखाव्यासाठी मांडलेला होता. खाली नदी मोठं वळण घेत होती, पाण्यावर होड्या होत्या, दोन्ही काठांच्या टेकड्यांवर सकाळचे किल्ले ओळीने उभे होते. दोघींपैकी कुणी तिकडे बघत नव्हतं. बेबी चक्क गप्प होती.

"वहिनी, तुम्ही गुडघ्याचं नव्हता बोलत," शेवटी ती म्हणाली.

"नव्हते."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. मी दमलेय गं, बेबी. आईंचं केलं, नातवाचं केलं. मनापासून केलं, तक्रार नाही. पण आता घरात आणखी एक माणूस नकोय मला. तू असलीस तरी नको."

बेबी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"संध्याकाळी भीती वाटते मला," ती म्हणाली. "टीव्ही लावून ठेवते, नुसते आवाज यावेत म्हणून. स्वयंपाक अजून दोघांचाच होतो. हाताला कळतच नाही."

तो जुना शब्द अगदी जिभेवर आला. म्हणून टाकला असता तर बेबीने गळ्यात पडून रडून घेतलं असतं आणि सगळे हसत गाडीत बसले असते. वहिनींनी तो गिळला.

"येत जा, आठ-आठ दिवस राहत जा," त्या म्हणाल्या. "रोज फोन कर. मीही करेन. पण कायमची नको."

बेबीने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ वहिनींना लागला नाही.

दादा घामाघूम होऊन पण खुशीत परत आले. "काय दिसतं वरून! तुम्ही दोघी मुकलात."

"दादा, मी काही तुमच्याकडे राहायला येत नाही," बेबी म्हणाली. "माझी जागाच बरी. तू घोरतोस. लॉजच्या भिंतीपलीकडूनही ऐकू येतं."

दादांचा चेहरा उतरला. "अगं, पण सकाळी तर तू..." ते बायकोकडे वळले. "हिचं काय बिनसलं? तू समजाव हिला. तुझं ऐकते ती."

वहिनींनी बेबीकडे पाहिलं. बेबीने मान वर केली नाही. वाट तिने मोकळी करून दिली होती. आता नुसतं गप्प बसलं तरी निभावणार होतं. खोली राहिली असती, खुर्ची राहिली असती, आणि दादा जन्मभर सांगत फिरले असते, की बेबीच हट्टी, आमची ही तर केव्हाची तयार होती. वहिनी फार थकल्या होत्या, आणि गप्प बसणं त्यांना कधीच जड गेलेलं नव्हतं.

"तिने नाही म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंय. मघाशी गाडीत. ते गुडघ्याचं नव्हतं."

दादा कॅमेऱ्याला झाकण लावत होते, ते लावायचं राहिलं. ते हळूच बाकाच्या कडेला टेकले. बेबी आवाज न करता रडत होती.

"मला वाटायचं, तुला सगळं चालतं," दादा म्हणाले.

"मलाही तसंच वाटायचं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बेबीच्या हाताकडे हात नेला. बेबीने तो धरला नाही. वहिनींनी तो तसाच तिच्या शेजारी बाकावर राहू दिला.