ओरडायची मुभा

खरं सांगते, मला मीनलचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जळफळाट होईल इतका.

खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती आमच्या समोरच्याच दारात राहते. मूलबाळ नाही. मागच्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने, श्यामकांतने, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची नवसी सांभाळायला घेतली. दत्तक नव्हे, फॉस्टर. आईबाप नसलेली आठ वर्षांची पोर, बाल कल्याण समितीच्या परवानगीने यांच्या घरी राहणार. हे जुळवून देणाऱ्या संस्थेच्या ताईंनी गच्चीवर मीटिंग घेऊन सांगितलं, की अशी घरं एकट्याने टिकत नाहीत. शेजार उभा राहिला नाही तर माणसं थकतात आणि मूल परत जातं. झालं, अख्खी बिल्डिंग कामाला लागली. तळमजल्यावरच्या बनूबाई डबा पोचवू लागल्या, कोणी नवसीला शाळेत सोडू लागलं. गुरुवारची संध्याकाळ माझ्या गळ्यात पडली. मीनल जरा मोकळी व्हावी म्हणून नवसीने माझ्याकडे बसायचं.

मोकळी म्हणे! माझा अनीश तान्हा होता तेव्हा माझ्या नवऱ्याची, राजेशची, अंबरनाथच्या कंपनीत रात्रपाळी. टाके ओले असताना मी धुणं वाळत घातलं. पोराला कावीळ झाली तेव्हा त्याला घेऊन एकटी उल्हासनगरला डॉक्टरकडे गेले. वाटीभर वरण कोणी विचारलं नाही. ह्याच बनूबाईंनी उलट ऐकवलं होतं, की पोर फार रडतं हो तुमचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये माझा बाब्याच कार्टं ठरला होता.

एका गुरुवारी, नवसी माझ्याकडे यायच्या आधीच, बनूबाई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन माझ्या उघड्या दारावरून गेल्या, समोर देऊन तशाच खाली उतरल्या. माझं डोकंच फिरलं. गुरुवार सोडतेय, दुसरं कोणी बघा, हे सांगायला मी तडक समोर गेले.

मीनल सोफ्यावर फोन हातात धरून बसली होती. केससुद्धा विंचरलेले नव्हते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, की संस्थेच्या ताईंना फोन लावतेय, नवसीला दुसरं घर बघा म्हणून. मी चाटच पडले. एवढे सगळे राबतायत, अजून काय कमी पडलं तुला, असं मी विचारलं, आणि जरा लागेल असंच विचारलं.

"सगळे राबतात म्हणून सगळे बघतात," ती म्हणाली. "जरा आवाज चढला की खालून विचारणा, पोरीला काही झालं का? वर्षभर नुसती गोड बोलतेय मी, रंजनाताई. तुम्ही दार उघडं टाकून अनीशला हाणून पाडून बोलता, कोणी ढुंकून बघत नाही. मला तुमचा इतका हेवा वाटतो."

माझा हेवा!

तेवढ्यात गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खालच्या छज्ज्यावर पडलेला बॉल काढायला नवसी कठड्यावर चढली होती. एक पाय बाहेर. तिसरा मजला. मीनलने झेप घेऊन तिला कमरेला धरलं आणि आत ओढलं. पोर सुखरूप लादीवर बसली. मीनल म्हणाली, "बाळा, असं नाही करायचं हं." म्हणता म्हणता तिने दाराकडे पाहिलं.

मला ते बघवेना.

"ओरड गं," मी म्हणाले. "मी आहे इथे."

आणि मीनल ओरडली. वर्षभराचं सगळं बाहेर पडलं. पोरगी आधी बघतच राहिली, मग भोकाड पसरून तिच्याच गाऊनला चिकटली. माझ्या ओरडण्यावर अनीश असा कधी चिकटला नाही, हेही माझ्या मनात आलंच.

जिन्यात चपला वाजल्या. बनूबाई, त्यांच्यामागे आणखी दोघी. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"काय झालं? मीनल ओरडतेय नवसीला?" बनूबाईंनी माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं.

"आई आहे ती, ओरडणारच," मी म्हणाले. "जा, तुमचा गॅस चालू असेल."