शेजारच्या केंद्राचं शून्य

माझा धाकटा भाऊ आडरानातल्या केंद्रावर एकटा राहून पावसाच्या नोंदी घ्यायचा. एका पहाटे ओढ्यापलीकडचा पर्जन्यमापक बघायला गेला, तो परतलाच नाही. ओढ्यानं नेला म्हणावं, तर देह सापडला नाही. लोकांच्या तोंडाला कुठलं आलंय कुलूप! संसाराला कंटाळून पळाला, म्हणाले. भावजय मात्र तेवढंच धरून बसली. "पळाले असू देत, ताई. कुठंतरी जिवंत तरी असतील."

त्याच्या केंद्राची त्या दिवसाची नोंद कोरी होती, आणि अशा कोऱ्या जागा भरणं हेच माझं ऑफिसातलं काम. आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे घ्यायचे, जवळच्याला जास्त वजन द्यायचं, अंदाज काढायचा. अगदी जवळच्या केंद्रावर शून्य होतं. लांबच्या दोघांकडे बरा पाऊस, पण त्यांना वजन ते किती! अंदाज निघाला नुसत्या भुरभुरीचा. तेवढ्यानं ओढ्याला घोटाभरही पाणी येत नाही. मला आनंदानं रडूच फुटलं. भावजयीला फोन केला, तर ती चक्क हसली.

मग जुन्या नोंदी ताडून बघितल्या. भावाच्या आणि त्या शून्यवाल्या केंद्राचे आकडे वर्षानुवर्षं दशांशापर्यंत सारखे. मधे अख्खा डोंगर, आणि पाऊस तंतोतंत? माझं डोकंच सणकलं. शेजारच्या केंद्रावरच्या माणसाला फोन लावला.

त्यानं आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "बाई, गुडघे धरलेत माझे. मापकापर्यंत चढवत नाही. रोज सकाळी तुमच्या भावाला विचारायचो आणि तोच आकडा लिहायचो."

"आणि त्या दिवशी?"

"त्यानं फोन उचललाच नाही. मग टाकलं शून्य."

"पाऊस होता का पण?"

"होता का म्हणजे! आभाळ फाटलं होतं. दार उघडायची सोय नव्हती."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण मी फोन ठेवून दिला. माझा भाऊ फोन उचलायला उरला नव्हता, आणि त्याच शून्यावर मी त्याला जिवंत ठरवलं होतं.

संध्याकाळी भावजयीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"जवळ दुसरं केंद्र नाही का?"

"नाही गं."

"असेल हो. नीट बघा ना, ताई. कुणाचं तरी एखादं शून्य सापडेल."

मी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा कुठं ती माझ्या भावासाठी पहिल्यांदा रडली.